स्वामी विवेकानंद आणि मातृऋण

संन्यास म्हणजे पूर्वाश्रमाचा त्याग. ज्याने विरजाहोम करून शिखासूत्र अग्नीला अर्पण केले, त्याचे घर, गोत्र आणि नाव मागे राहिले असे आपण मानतो. तथापि आपल्याच परंपरेने या नियमाला एक अपवाद ठेविला आहे, आणि तो मातेचा आहे. संन्यासी पुत्राला पित्यानेही वंदन करावे, परंतु माता समोर आली असता संन्याशाने तिच्या चरणी मस्तक ठेवावे, असे धर्मशास्त्र सांगते. श्रीमदाद्य शंकराचार्यांनी कालडी सोडताना अंतकाळी परत येण्याचे वचन आईला दिले होते. ते वचन पाळण्यासाठी ते परत आले, आणि भाऊबंदांनी पाठ फिरविली असता त्यांनी एकट्याने मातेचे अंत्यसंस्कार केले, ही कथा भाविकांच्या परिचयाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धर्मप्रचारासाठी समुद्रापलीकडे गेलेल्या एका तरुण संन्याशाच्या आयुष्यात हेच मातृऋण निराळ्या रूपाने उभे राहिले. स्वामी विवेकानंदांचे शिकागो येथील यश सर्वांस ठाऊक आहे. त्या यशाच्या दिवसांत त्यांचे मन कलकत्त्यातील आपल्या विधवा मातेकडे कसे लागलेले असे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

स्वामीजींचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी कलकत्त्याच्या सिमुलिया भागातील दत्त घराण्यात झाला. पिता विश्वनाथ दत्त हायकोर्टात ॲटर्नी होते. माता भुवनेश्वरीदेवी धर्मनिष्ठ, मानी आणि कमालीच्या स्मरणशक्तीच्या होत्या. पुत्रप्राप्तीसाठी त्यांनी काशीच्या वीरेश्वराची आराधना करविली होती, म्हणून बाळाचे नाव प्रथम वीरेश्वर ठेविले आणि घरात त्याला बिले म्हणू लागले. पुढे नरेंद्रनाथ हे नाव रूढ झाले. रामायण-महाभारताच्या कथा त्याने प्रथम आईच्या तोंडून ऐकल्या. मुलगा अतिशय व्रात्य होता. काही केल्या आवरेना म्हणजे आई शिवनामाचा उच्चार करीत त्याच्या मस्तकावर थंड पाणी ओती, आणि शंकराकडे पुत्र मागितला तर त्याने आपल्या गणांतील एक भूतच धाडून दिले, असे कौतुकमिश्रित त्राग्याने म्हणे. आपल्या बुद्धीचा आणि चारित्र्याचा उगम आपल्या मातेत आहे, असे स्वामीजी पुढे जगभर सांगत असत.

२५ फेब्रुवारी १८८४ रोजी विश्वनाथबाबू अकस्मात वारले. नरेंद्रनाथांची बी. ए. ची परीक्षा नुकतीच आटोपली होती. घरात विधवा आई, बहिणी, पंधरा वर्षांच्या आतला महेंद्रनाथ आणि जेमतेम साडेतीन वर्षांचा भूपेंद्रनाथ. उत्पन्न थांबले, कर्ज उघडे पडले, आणि राहत्या घराच्या वाटणीवरून नातलगांनी दावे लाविले. आई मुलांना घेऊन आपल्या आईच्या आश्रयास गेली. थोरला मुलगा नोकरीसाठी अनवाणी कलकत्ता पालथे घालू लागला. घरात अन्न पुरेसे नाही असे दिसले म्हणजे बाहेर जेवणाचे निमंत्रण आहे असे सांगून तो उपाशी निघून जाई.

याच काळातील दक्षिणेश्वरचा प्रसंग प्रसिद्ध आहे. घरच्यांच्या अन्नवस्त्राची चिंता जगन्मातेच्या कानी घालावी, अशी विनंती नरेंद्रनाथांनी श्रीरामकृष्णांना केली. तू स्वतःच जाऊन माग, अशी आज्ञा झाली. नरेंद्रनाथ तीनदा कालीमंदिरात गेले आणि तीनही वेळा विवेक, वैराग्य, ज्ञान आणि भक्ती मागून परत आले. पैशाचा शब्द तोंडातून निघेना. अखेर घरच्यांना साध्या अन्नवस्त्राची वाण पडणार नाही, असा आशीर्वाद गुरूंनी दिला. या कथेतून वैराग्याचा महिमा नेहमी सांगितला जातो. परंतु तो तरुण तीनदा देवळात गेला, तो मुळात आईच्या चुलीची काळजी मनात घेऊन गेला होता, हेही तितकेच लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ऑगस्ट १८८६ मध्ये श्रीरामकृष्णांनी देह ठेविला. वराहनगरच्या मोडक्या घरात गुरुबंधूंचा मठ उभा राहिला आणि १८८७ च्या आरंभी नरेंद्रनाथांनी विधिपूर्वक संन्यास घेतला. कोर्टातील दावे मात्र संपले नव्हते; घराच्या कामासाठी या तरुण संन्याशाला वकिलांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. १८९० मध्ये ते दीर्घ परिभ्रमणास निघाले. हिमालयात अल्मोड्यास असता तारेने बातमी आली की एका बहिणीने सासरी आत्महत्या केली. भारतीय स्त्रियांच्या दुःखाविषयी त्यांच्या वाणीत पुढे जी तळमळ दिसते, तिच्या मुळाशी हा घाव होता असे त्यांच्या चरित्रकारांनी म्हटले आहे.

या भ्रमंतीत मराठी मुलखाशी त्यांचा निकटचा संबंध आला. १८९२ मध्ये ते बडोद्यास आले. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या घरी काही दिवस राहिले. कोल्हापूरहून ऑक्टोबरात बेळगावास आले. तेथे प्रथम वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे आणि नंतर जंगलखात्यातील बंगाली अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे त्यांचा मुक्काम झाला. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस जाण्याचा मनोदय त्यांनी मित्र यांच्यापाशी बोलून दाखविला. वर्गणी गोळा करण्याची तयारी मित्र यांनी दाखविली, पण स्वामीजींनी तेव्हा नकार दिला. बेळगावहून ते गोव्यास गेले आणि मडगावला राहून राशोलच्या सेमिनरीत ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या ग्रंथांचे अध्ययन त्यांनी केले. परधर्मीयांच्या देशात जाण्यापूर्वी त्यांचा धर्म त्यांच्याच ग्रंथांतून समजून घ्यावा, ही दृष्टी येथे दिसते.

परदेशगमनापूर्वी मातेची व्यवस्था लागली, ती राजस्थानातील खेतडीचे महाराज अजितसिंह यांच्यामुळे. महाराज स्वामीजींचे शिष्य होते. त्यांनी कलकत्त्यास भुवनेश्वरीदेवींना दरमहा १०० रुपये पाठविण्याचे पत्करिले, आणि हे साहाय्य गाजावाजा न करता चालू ठेविले. घरचे कुशल महेंद्रनाथ पत्रांतून खेतडीस कळवीत. समुद्र ओलांडणाऱ्या संन्याशाच्या मागे घरची चूल पेटती राहिली, याचे श्रेय या शिष्याला आहे. ३१ मे १८९३ रोजी स्वामीजी मुंबईहून पेनिन्शुलर नावाच्या बोटीने निघाले. तेव्हा त्यांचे वय ३० वर्षांचे होते.

कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग आणि जपान असा प्रवास करून ते जुलैच्या अखेरीस शिकागोस पोहोचले. परिषद सप्टेंबरात होती. अधिकृत परिचयपत्र नव्हते आणि प्रतिनिधी म्हणून नाव नोंदविण्याची मुदतही उलटून गेली होती. जवळचा पैसा झपाट्याने आटू लागला, म्हणून ते बॉस्टनकडे वळले. आगगाडीत भेटलेल्या केट सॅनबॉर्न या बाईंनी त्यांना आपल्या घरी नेले. तेथे हार्वर्ड विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांची ओळख झाली आणि त्यांच्या शिफारसपत्राने परिषदेचे द्वार उघडले. परंतु शिकागोस परत येताना पत्ता हरवला. एक रात्र रेल्वेच्या आवारात काढावी लागली. सकाळी भिक्षेसाठी दारोदार हिंडून थकलेले स्वामीजी रस्त्याच्या कडेला बसले असता समोरच्या घरातून एक स्त्री बाहेर आली, तिने विचारपूस केली आणि त्यांना आत नेले. ती श्रीमती हेल होय.

११ सप्टेंबर १८९३ रोजी परिषदेत जे घडले त्याची पुनरुक्ती येथे नको. हेल यांचे घर मात्र येथे थांबून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या गावोगावी व्याख्याने देत फिरणाऱ्या स्वामीजींना परत येण्याचे ठिकाण हेच होते. त्यांची पत्रे येथे येत, सामान येथे राही. श्रीमती हेल यांना ते विनोदाने मदर चर्च आणि त्यांच्या यजमानांना फादर पोप म्हणत. हेल यांच्या दोन कन्या आणि दोन भाच्या या चौघी त्यांच्या बहिणी झाल्या. त्यांना लिहिलेल्या पत्रांत तत्त्वज्ञानाच्या जोडीला थट्टा असे, लटके भांडण असे, थंडीच्या कपड्यांची आणि खाण्यापिण्याची हकीकत असे. घर सोडलेल्या या संन्याशाला परक्या देशात थोरल्या भावाचे स्थान परत मिळाले, असे ती पत्रे वाचताना वाटते.

तरीही कलकत्ता दूर होते. पत्र पोहोचावयास महिन्याहून अधिक काळ लागे, आणि घरची खबर बहुधा मित्रांच्या व गुरुबंधूंच्या पत्रांतून येई. जुनागडचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई यांनी कलकत्त्यास जाऊन भुवनेश्वरीदेवींची भेट घेतली, हे कळताच स्वामीजींनी २९ जानेवारी १८९४ रोजी त्यांना जे पत्र लिहिले, त्यात त्यांचे अंतःकरण उघडे झाले आहे. या भेटीने आपल्या मनातील एकुलता एक मृदू भाग हलला, असा त्याचा भाव आहे. या जगात आपले कोणावर प्रेम असेल तर ते आईवर. तथापि मी घर सोडले नसते तर गुरूंचा संदेश जगापुढे आला नसता, आणि देशातील दरिद्री जनतेसाठी झटणारे तरुणही पुढे आले नसते, असा विचार त्यांनी तेथे मांडला आहे. मातेचे दुःख आणि गुरूचे कार्य या दोहोंपैकी एक तराजूत हलके ठरवून त्यांनी स्वतःचे समाधान करून घेतले नाही. दोन्ही भार त्यांनी अखेरपर्यंत वाहिले.

त्याच वर्षी एक कठीण प्रसंग आला. परदेशातील त्यांच्या कीर्तीने काही मने दुखावली होती, आणि त्यांच्या आचरणाविषयी वाईट गोष्टी अमेरिकेत व कलकत्त्यातही पसरविण्यात आल्या. लोकनिंदेची स्वामीजींना पर्वा नव्हती. भीती एकच होती, की हे बोलणे आईच्या कानी जाईल. आयुष्यभर सोसलेल्या त्या मातेने देवाच्या आणि माणसांच्या सेवेसाठी आपला सर्वांत लाडका पुत्र दिला होता. तोच पुत्र दूरदेशी अनाचाराने राहतो असे ऐकून ती प्राण सोडील, अशी व्यथा त्यांनी हेल यांच्या भाचीला, इसाबेल मॅककिंडली हिला, एप्रिल १८९४ च्या पत्रात कळविली. मद्रासला आणि पुढे ५ सप्टेंबर १८९४ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांच्या अभिनंदनाच्या जाहीर सभा झाल्या, तेव्हा निंदकांची तोंडे बंद झाली. त्या सभांसाठी स्वामीजींनी मद्रासच्या शिष्यांकडे धरलेला आग्रह कीर्तीच्या हौसेचा नव्हता. ज्यांनी आपल्याला घरात घेतले त्या अमेरिकन कुटुंबांचा विश्वास खोटा ठरू नये, ही त्यामागील कळकळ होती.

डिसेंबर १८९४ मध्ये बॉस्टनजवळच्या केंब्रिज येथे, श्रीमती ओली बुल यांच्या घरी, त्यांनी भारतीय स्त्रीच्या आदर्शांवर व्याख्यान दिले. पाश्चात्त्य देशात स्त्रीकडे प्रथम पत्नी म्हणून पाहतात, भारतात माता म्हणून, हा विचार मांडताना त्यांनी आपल्या आईच्या निःस्वार्थ प्रेमाचा कृतज्ञतेने उल्लेख केला. श्रोत्या स्त्रियांवर त्याचा असा परिणाम झाला की नाताळच्या सुमारास त्यांनी स्वामीजींना न कळविता भुवनेश्वरीदेवींना एक पत्र लिहिले आणि त्यासोबत बालयेशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचे चित्र पाठविले. जो पुत्र आपल्या हाती येत नाही म्हणून कलकत्त्यातील माता झुरत होती, त्याच्याबद्दल तिला धन्यवाद देणारे हे पत्र परक्या देशातील अनोळखी मातांकडून आले होते.

१८९६ मध्ये स्वामीजी लंडनमध्ये असता धाकटे बंधू महेंद्रनाथ कायद्याच्या शिक्षणासाठी तेथे आले. स्वामीजींना हे रुचले नाही. देशाला वकिलांपेक्षा यंत्रविद्या जाणणारी माणसे हवीत, म्हणून भावाने अमेरिकेत जाऊन विजेचे शास्त्र शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. वडिलांच्या मागे थोरला भाऊ या नात्याने त्यांनी आग्रह धरला. महेंद्रनाथांनी तो मानला नाही. पुढे महेंद्रनाथ लंडन सोडून पायी देशोदेशी हिंडत राहिले. आधीच थोरला मुलगा संन्यासी झालेल्या आईला ही आणखी एक काळजी लागली, आणि ती स्वामीजींनाही सतत टोचत राहिली. लंडनमधील त्या दिवसांच्या आठवणी महेंद्रनाथांनी पुढे बंगालीत ग्रंथरूपाने लिहून ठेविल्या.

जानेवारी १८९७ मध्ये स्वामीजी कोलंबोस उतरले आणि फेब्रुवारीत कलकत्त्यास पोहोचले. १ मे रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना झाली, आणि डिसेंबर १८९८ मध्ये बेलूर मठाची प्रतिष्ठापना झाली. या उभारणीत हजारो रुपये त्यांच्या हातातून गेले. मठासाठी आलेला पैसा देवाचा, तो आईसाठी वापरावयाचा नाही, हा विवेक त्यांनी बाळगला. प्रकृती ढासळत चालली होती आणि आपले दिवस थोडे आहेत असे त्यांना वाटू लागले होते. २२ नोव्हेंबर १८९८ रोजी त्यांनी खेतडीच्या महाराजांना पत्र लिहून, मातेला मिळणारे दरमहा १०० रुपये आपल्या मृत्यूनंतरही चालू राहावेत, अशी याचना केली. राजेरजवाड्यांपुढे ताठ मानेने उभा राहणारा हा यती आईसाठी हात पसरताना संकोचला नाही. आईला हक्काचे घर असावे म्हणून त्यांनी एका चुलतीकडून जुन्या वाड्यातील तिचा हिस्सा ६,००० रुपयांस विकत घेतला. त्यासाठी मठाच्या निधीतून ५,००० रुपये त्यांनी कर्जाऊ घेतले होते. व्यवहारात फसवणूक झाली, ताबा मिळाला नाही आणि पुन्हा कोर्टाची पायरी आली. त्या कर्जाची फेड ही पुढील काळात त्यांच्या मनावरील मोठी चिंता होती.

जून १८९९ मध्ये ते दुसऱ्यांदा पश्चिमेकडे निघाले. कॅलिफोर्नियात व्याख्याने चालू असता १७ जानेवारी १९०० रोजी लॉस एंजेलिसहून त्यांनी श्रीमती बुल यांना मन मोकळे करून लिहिले. मठाचा कारभार दुसऱ्यांच्या हाती देऊन काही काळ आईकडे परत जावे, आपल्यामुळे तिने फार सोसले, तिचे शेवटचे दिवस सुखाचे करावेत, असा निश्चय त्यांनी कळविला. आणि श्रीशंकराचार्यांनाही अखेरच्या काळात मातेकडे परत जावे लागले होते, याचे स्मरण त्यांनी तेथे केले. शास्त्रातील तो अपवाद या संन्याशाने परदेशात, आजारी देहाने, स्वतःपुरता ओळखला होता.

निश्चय केल्याप्रमाणे ते वागले. डिसेंबर १९०० मध्ये ते बेलूरला परतले. पुढच्याच महिन्यात मठाची मालमत्ता त्यांनी विश्वस्तांच्या स्वाधीन केली. तीर्थयात्रा घडावी ही हिंदू विधवेची मोठी इच्छा असते. आयुष्यभर घरच्यांना आपल्याकडून दुःखच मिळाले, निदान ही एक इच्छा तरी पुरवावी, असे त्यांनी श्रीमती बुल यांना जानेवारी १९०१ मध्ये लिहिले. त्याप्रमाणे त्या वर्षी मार्च-एप्रिलात मातोश्रींना व अन्य नातलग स्त्रियांना घेऊन त्यांनी पूर्व बंगाल व आसामची यात्रा केली. लांगलबंध येथे ब्रह्मपुत्रेचे स्नान, मग चंद्रनाथ, मग कामाख्या. मधुमेह आणि दमा यांनी देह पोखरला होता, तरी यात्रा पुरी केली.

लहानपणी नरेंद्र आजारी असता आईने कालीघाटच्या देवीला नवस बोलला होता आणि तो फेडावयाचा राहून गेला होता. १९०१ च्या उत्तरार्धात तिला त्याची आठवण झाली. वेदान्ताचा घोष जगभर करून आलेल्या पुत्राने एका शब्दाचाही वाद घातला नाही. आदिगंगेत स्नान करून ओल्या वस्त्रांनी ते कालीमंदिरात गेले, देवीपुढे तीनदा लोटांगण घातले, सात प्रदक्षिणा केल्या आणि होम केला. समुद्र ओलांडून आलेल्या या संन्याशाला मंदिराच्या पुजाऱ्यांनी आदराने आत घेतले, याचा त्यांना विशेष आनंद झाला.

जून १९०२ च्या अखेरीस घराच्या दाव्यांत एकदाची तडजोड झाली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांनी, ४ जुलै १९०२ रोजी रात्री, स्वामीजींनी बेलूर मठात देह ठेविला. त्यांच्या वयाला चाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी भुवनेश्वरीदेवी मठात आल्या, आणि आपल्या हातांनी पुत्राला निरोप देण्याची वेळ त्यांच्यावर आली. शंकराचार्यांच्या मातेला अंतकाळी पुत्र लाभला. या मातेला तेवढेही भाग्य मिळाले नाही. त्यानंतर स्वामी ब्रह्मानंद आणि इतर गुरुबंधूंनी त्यांची काळजी वाहिली. १९०७ मध्ये धाकटा पुत्र भूपेंद्रनाथ 'युगांतर' पत्राच्या खटल्यात तुरुंगात गेला, तेव्हा कलकत्त्याच्या स्त्रियांनी या वीरमातेचा सत्कार केला. २५ जुलै १९११ रोजी त्यांनी इहलोक सोडला. भूपेंद्रनाथ त्या वेळी अमेरिकेत होते; स्मशानभूमीवर भगिनी निवेदिता उपस्थित होत्या.

मातृऋण फिटत नाही असे आपण म्हणतो. स्वामीजींच्या चरित्रात ते फिटल्याचे दिसत नाही, पण त्याचा विसर पडल्याचेही कोठे दिसत नाही. गुरूच्या कार्यासाठी त्यांनी आईपासून दुरावा पत्करला, त्या दुराव्याचे दुःख लपविले नाही, आणि तिच्या अन्नाची, निवाऱ्याची व तीर्थयात्रेची तरतूद शक्य तेवढी केली. मठाच्या सेवेत असलेल्या, तसेच पोटापाण्यासाठी घरापासून दूर राहणाऱ्या प्रत्येक भाविकाने या महापुरुषाचे स्मरण करताना त्या मातेलाही वंदन करावे, आणि आपल्या घरी वाट पाहणारे कोणी असेल तर त्याची आठवण ठेवावी.